जोडवी कोणी काढली

दहा दिवस मी जोडव्यांशिवाय काढले. आमच्या रिठद गावात दळण आणायला गेले तरी बायका आधी माझ्या पायांकडे बघायच्या आणि मग तोंडाकडे. त्या बघण्याचा मला संताप यायचा. पण खरा राग त्यांच्यावर नव्हता. खरा राग होता आमच्या ओसरीतल्या बाजेवर, डावा पाय प्लॅस्टरात घालून पडलेल्या माणसावर. त्याला सगळं माहीत होतं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक, आणि ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

आधीच सांगून ठेवते, मी रागीट आहे. माहेरी, मानोऱ्याला, माझा आजा मला लवंगी मिरची म्हणायचा. पण मी उगाच चिडत नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते, मग तुम्हीच ठरवा.

माझा नवरा जगदेव. आठ एकर शेती, दारात ट्रॅक्टर, आणि चौकात बसला की आवाज पार वेशीपर्यंत जातो. राजू हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी राजूची बायको बाळंतीण होती, तेव्हा राजूने हातपंपावर तिची साडी पिळली आणि नेमकं ते जगदेवने पाहिलं. झालं. तेव्हापासून राजू चौकात आला की जगदेव विचारणार, "काय बे राजू, आज किती साड्या पिळल्या?" आणि सगळे खी खी करणार. राजू बिचारा स्वतःही हसतो. दुसरं काय करणार?

आता याच जगदेवची दुसरी गोष्ट. सात वर्षांपूर्वी शेतात विळ्याने तूर सोंगताना माझ्या पायात धसकट घुसलं. घरी आल्यावर जगदेवने माझा पाय मांडीवर घेतला, सुईने धसकटाचा तुकडा काढला, वर हळद भरली. तुकडा निघाला, तरी त्याने पाय खाली ठेवला नाही. टाचेच्या भेगांवरून बोट फिरवत राहिला.

"योगे, तुहे पाय पार फाटून गेले वं," तो म्हणाला. त्याचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

मग उठला आणि देवघराखालच्या फळीवरून आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूची, काशाची वाटी घेऊन आला.

आमच्याकडे उन्हाळ्यात अंगातली उष्णता उतरावी म्हणून तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने घासतात. घासता घासता तूप काळं होतं. ते काळं म्हणजे बाहेर पडलेली उष्णता, असं सगळे मानतात. लेकरांना आया घासतात, म्हाताऱ्यांना सुना घासतात, नवऱ्याला बायको घासते. नवरा बायकोला घासतो असं मात्र मी कोणाकडून ऐकलं नव्हतं. कोणी करत असेल तर तेही आमच्यासारखंच दार लावून करत असेल.

तेव्हापासून ते आमचं झालं. दुपारी जेवण आटोपून आत्याबाई उज्ज्वलाबाईंकडे वाती वळायला जायच्या. उज्ज्वलाबाई म्हणजे माझ्या चुलत जाऊ, दोन घरं सोडून राहतात. आमची पोरगी शाळेत. जगदेव दार लोटायचा, कूलर लावायचा. मी भिंतीला उशी टेकून बसायची आणि तो पुढ्यात चटईवर. आधी वाटी. टाचेपासून बोटांपर्यंत, गोल गोल, अगदी सावकाश, जणू दिवसभर दुसरं कामच नाही. मग वाटी बाजूला आणि नुसते हात. स्टिअरिंग धरून, पोती उचलून घट्टे पडलेले हात ते, पण माझ्या पायाशी आले की नरम पडायचे. तळव्याच्या मधोमध खोलगा असतो ना, तिथे त्याचा उजवा अंगठा न बघता बरोबर जायचा. तिथे दाबायचा, जरा थांबायचा, मग अर्धा वळवायचा. त्या वळवण्यासरशी माझ्या पोटरीतून कंबरेपर्यंत काहीतरी सरसरत जायचं आणि माझे डोळे मिटायचे. तो माझ्याकडे बघत असायचा. डोळे मिटलेले असूनही मला ते कळायचं. मग एकेक बोट, करंगळीपासून. मग घोट्यामागची बारीक जागा, तिथे तो बोट नुसतं टेकवायचा आणि मी श्वास धरून ठेवायची.

पुढचं नवराबायकोचं, ते मी सांगणार नाही. पण एवढं सांगते, आपण कोणाला तरी हव्याशा आहोत हे मला माझ्या पायांतून कळलं. सगळ्या संसारात याच्याएवढं दुसरं काही मला मिळालं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्याची चौकातली बडबडसुद्धा पोटात घालायची.

वाटी मात्र काळी पडायची. चिंचेने कितीही घासली तरी कडेला काळं राहायचंच.

"माह्या वाटीले कोण हात लावते वं?" आत्याबाई दर आठवड्याला विचारायच्या. ती वाटी त्यांच्या माहेरची, लग्नात आलेली.

"म्याच फोडणी ठेवली होती, आत्याबाई."

"काशाच्या वाटीत फोडणी? तुह्या मायनं काई शिकवलं का नाई तुले?"

माझ्या मायचा उद्धार मी मुकाट्याने ऐकायची आणि जगदेव पेपरात तोंड घालून बसायचा. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण तेव्हा मला ते गोड वाटायचं, काय सांगू.

यंदा वैशाखात उज्ज्वलाबाईंच्या वैभवीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी सकाळपासून मी त्यांच्या घरी उभी होते. भाजी चिरली, पुऱ्या लाटल्या, दोनशे माणसांचं वाढलं. दुपारी घरी आले तेव्हा बोटं सुजून जोडवी मांसात रुतली होती. पोरगी सुट्टीला मानोऱ्याला गेलेली, आत्याबाई लग्नघरी. जगदेवने पाय हातात घेतला आणि त्याचा चेहराच उतरला.

"काढू काय हे?" त्याने विचारलं.

"येडे झाले काय तुमी? जोडवी काढतात काय कोणी?"

"वळ पडले पाह्य. म्या काढतो न. माह्याच नावाची हायेत ते."

अकरा वर्षांत ती जोडवी बोटांतून निघाली नव्हती. लग्नात सोनाराने माझा पाय आपल्या गुडघ्यावर घेऊन ती दाबून बसवली होती. शंभर माणसांदेखत परक्या पुरुषाने माझा पाय धरला आणि त्याची कोणाला लाज वाटली नाही. जगदेवने बोटांना तूप लावलं आणि हळूहळू फिरवत एकेक काढलं. खाली पांढरा वळ होता, लेकराच्या कातडीसारखा मऊ. अकरा वर्षांत त्या जागेला ऊन लागलं नव्हतं. त्याने त्या वळावर आधी बोट फिरवलं आणि मग ओठ टेकवले. मला एकदम अंगभर उघडं वाटलं. लाज वाटली आणि ते संपूच नये असंही वाटलं. जोडवी त्याने खिडकीच्या फळीवर ठेवली. त्याने ठेवली, हे लक्षात असू द्या.

मग माझा डोळा लागला. जगदेव कधी उठून केनवडला बर्फाच्या लाद्या आणायला गेला, तेही मला कळलं नाही. जाग आली ती उज्ज्वलाबाईंच्या हाकेने, "योगे, चाल लवकर, सवासणी बसून राह्यल्या!" मी तोंडावर पाणी मारलं, साडी सारखी केली आणि धावले.

आमच्याकडे नवरीला हळद लावायच्या आधी पाच सवासणींना पाटावर बसवतात. त्यांचे पाय परातीत धुतात, पायांना हळदीकुंकू लावतात आणि मग त्यांच्या हातून नवरीला हळद लागते. मी तिसऱ्या पाटावर बसले. उज्ज्वलाबाईंनी माझा पाय परातीत घेतला, तांब्यातून पाणी घातलं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"योगे," त्या म्हणाल्या, "तुही जोडवी कुठी हायेत वं?"

सगळ्या मांडवाने ते ऐकलं. चाळीस बायका होत्या, आणि चाळीसही बायका माझी बोटं बघत होत्या. आमच्याकडे बाईची जोडवी एकदाच निघतात, नवरा गेल्यावर. माझा नवरा केनवडला बर्फ आणायला गेला होता.

मी काय सांगायचं होतं? खरं सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत चौकात पोचलं असतं आणि जगदेवला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती. मला त्याची लाज राखायची होती. मी म्हणाले, "टोचत होती. म्या काढून ठेवली."

आत्याबाई एका बाजूला विधवा बायकांत बसल्या होत्या. मामंजी जाऊन आठ वर्षं झाली. त्या उठून पुढे आल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"माह्या पायातली देवानं काढली," त्या म्हणाल्या. "तू तं आपल्या हातानं काढली वं."

मला पाटावरून उठवलं. माझ्या जागी दुसरीला बसवलं. परातीतलं पाणी फेकून नवीन घेतलं.

आणि संध्याकाळी सातला फोन आला. केनवडच्या रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाय, आडवं गेलं, जगदेवची मोटारसायकल घसरली, पाय मोडला. फोन उज्ज्वलाबाईंच्या नवऱ्याने घेतला, पण बातमी ऐकून कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

वाशिमला दवाखान्यात तीन दिवस काढले. गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं, प्लॅस्टर घातलं, दोन महिने पाय टेकवायचा नाही म्हणाले. घरी आलो तर माझी जोडवी देवघरात हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवलेली. आत्याबाईंचं ठरलं होतं. पुढच्या शुक्रवारी पाच सवासणी बोलवायच्या. त्यांच्यादेखत मी नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं, चूक झाली म्हणायचं, आणि मग सवासणींच्या हातून जोडवी घालून घ्यायची. तोवर जोडव्यांना हात लावायचा नाही.

मी जगदेवच्या तोंडाकडे बघितलं. तो पंख्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन आले आणि आत्याबाई आत गेल्यावर त्याच्या उशाशी बसले. तेव्हा मला राग नव्हता आला, खरंच. मला वाटलं, दुखण्यात आहे, त्याला सुचलं नसेल.

"आत्याबाईले सांगा न तुमी," मी म्हणाले. "जोडवी तुमी काढली म्हणून."

"काय सांगू?"

"जे झालं ते."

"बायकोचे पाय चोळत होतो, असं सांगू? मायले?" तो कुजबुजत होता. "दुपारून ते गोठ चौकात जाईन. राजू हाय, बाकीचे हायेत. पोट्टे काय म्हणतीन मले?"

"अन् मले काय म्हणून राह्यले हे लोकं, ते आयकू येते काय तुमाले? नवऱ्याच्या जिवावर उठली म्हणतात मले. दळणाच्या रांगेत म्हणतात."

"लोकं विसरतात वं. महिनाभरानं कोणाच्या ध्यानात बी राहत नाई." मग त्याने माझा हात धरायला हात पुढे केला आणि ते वाक्य बोलला. "एकडाव डोकं ठेव न पायावर. काय जाते तुह्यं?"

काय जाते तुह्यं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अकरा वर्षं सणावारी मी त्याच्या पाया पडत आले आहे. त्याने माझं काही गेलं नाही, हे खरं. पण जे मी केलंच नाही त्याची माफी, आणि तीही ज्याने केलं त्याच्याचकडे? आणि रोह्याने पाडलेल्या माणसाचं पाप माझ्या बोटांवर? मी हात झटकला आणि उठले.

त्यानंतर मी त्याचं सगळं केलं. भांडं दिलं, अंग पुसलं, वेळेवर गोळ्या दिल्या, भाकर कुस्करून दुधात घातली. फक्त बोलले नाही. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणी बिस्किटं आणायचं, कोणी नारळ. प्रत्येकाला आत्याबाई रोह्याची गोष्ट सांगायच्या आणि शेवटी हळूच जोडव्यांची. जगदेव बाजेवर उशीला टेकून ऐकायचा. दर वेळी मी दाराआड उभी राहायची, की आता बोलेल. आता तरी बोलेल. तो म्हणायचा, "चहा ठेव वं योगे, पाव्हणे आले."

एका दुपारी तर कहरच झाला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, कूलरचं पाणी संपलं होतं. जगदेव म्हणाला, "लई गरम होऊन राह्यलं. चांगल्या पायाले जरा वाटी लाव न."

मी देवघराखालून वाटी आणली, त्याच्या छातीवर आपटली आणि म्हणाले, "घ्या लावून आपल्या हातानं. दार उघडंच ठेवते, पाहू द्या लोकायले."

तो वाटी हातात धरून बसला. माझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही त्याची. मला आत जाऊन रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. सात वर्षं ज्याने माझे पाय असे हातात धरले, त्याला माझ्या पायांची एवढी लाज? दार बंद असताना ओठ टेकवायचे, आणि दार उघडलं की ओळखसुद्धा द्यायची नाही? मी त्याच दिवशी मनाशी ठरवलं. शुक्रवारी तो बोलला नाही, तर या जन्मात त्याला माझ्या पायाला हात लावू द्यायचा नाही. मी त्याचा शेवटपर्यंत संसार करीन, स्वयंपाक करीन, शेतात राबेन. पण ती दुपार संपली. हे ठरवताना मला फार वाईट वाटलं, कारण नुकसान माझंही होतं.

शुक्रवारी सकाळी ओसरी भरली. पाच सवासणी आल्या, त्यांत उज्ज्वलाबाई पुढे. पुंजाजी मामा आले, ते माझे चुलतसासरे, घरातले सगळ्यात मोठे. त्यांना मुद्दाम खुर्ची दिली. नेमके त्याच वेळी राजू आणि चौकातले आणखी दोघं जगदेवला भेटायला आले आणि चहाचे कप घेऊन भिंतीशी बसले. आत्याबाईंनी ताटलीत जोडवी आणली. हळदीत राहून ती पिवळी झाली होती.

"ये वं," त्या म्हणाल्या. "ठेव डोकं अन् चुकलं म्हण. देव पाह्यून घेईन बाकीचं."

मी बाजेपाशी गेले. जगदेव उशीला टेकून बसला होता, प्लॅस्टरचा पाय लांब, दुसरा जवळ घेतलेला. 

"ठेवते, आत्याबाई," मी म्हणाले. "पण आधी याइले इचारा, जोडवी कोणं काढली."

"म्हंजे?" आत्याबाई माझ्याकडे आणि मग त्याच्याकडे बघायला लागल्या.

"टोचत होती म्हणून तूच काढली म्हणे न?" उज्ज्वलाबाई म्हणाल्या.

"खोटं बोलली मी. याइच्यासाठी बोलली. आता हे सांगतीन."

जगदेवने पंख्याकडे पाहिलं. मग राजूकडे पाहिलं. राजू चहा फुंकत होता.

"जाऊ दे न आता योगे," जगदेव म्हणाला. "झालं ते झालं. कायले वाढवतं..."

बस्स. माझं डोकंच सणकलं. मी पुंजाजी मामांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून बाजेला लावली, तिच्यावर बसले, साडी घोट्यापर्यंत सारखी केली आणि उजवा पाय उचलून सरळ जगदेवच्या चांगल्या मांडीवर ठेवला.

"अव माय!" कोणीतरी ओरडलं. पुंजाजी मामांनी मान वळवून तुळशीकडे तोंड केलं. आत्याबाईंच्या हातातली ताटली खणखणली. नवऱ्याच्या अंगावर बायकोने पाय ठेवायचा, तोही वडीलधाऱ्यांदेखत! माझा पाय थरथरत होता. सगळ्यांना वाटलं असेल भीतीने. मी सांगते, रागाने.

ताटलीतलं एक जोडवं उचलून मी त्याच्यापुढे धरलं.

"तुमीच काढली," मी म्हणाले. "तुमीच घाला."

"खाली घे पाय," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. "लोकं हायेत."

"हायेत म्हणूनच ठेवला."

त्याने माझ्याकडे बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं. मीही नजर हलवली नाही. त्याने पाय ढकलून दिला असता तर मी उठून आत गेले असते आणि मग आयुष्यभर आमच्यात ते राहिलं असतं. ते त्यालाही कळलं असावं. त्याने जोडवं घेतलं. डाव्या हाताने माझी टाच धरली आणि बोटात घालायला लागला.

ते जाईना. दहा दिवसांच्या धावपळीत बोट सुजलेलं, वरून कोरडं. त्याने जोर केला तसं मला दुखलं आणि मी पाय आखडला. आणि मग ते झालं. माझा पाय आखडलेला पाहून त्याने जोडवं तळहातात दाबून धरलं आणि त्याचा उजवा अंगठा, न बघता, सरळ माझ्या तळव्याच्या खोलग्यात गेला. दाबला, जरा थांबला, अर्धा वळला.

सात वर्षांची सवय होती ती. त्याने ठरवून केलं नाही, मला माहीत आहे. पण ओसरीत बसलेल्या बायकांना डोळे होते. ज्या हाताने पहिल्यांदाच बायकोचा पाय धरला आहे, तो हात असा जात नाही. उज्ज्वलाबाईंच्या भुवया वर गेल्या. जगदेवलाही कळलं. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं आता हात काढेल. त्याने काढला नाही.

"जगू," आत्याबाई हळूच म्हणाल्या, "तुले हे कसं येते रे?"

 राजूने कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रोजचं हाय, माय," जगदेव म्हणाला. मान खाली होती, पण आवाज चौकातला होता, वेशीपर्यंत जाणारा. "सात वर्षं झाली. त्या दिवशी इचे पाय सुजले होते. जोडवी म्याच काढली, म्याच खिडकीत ठेवली. हे झोपली होती. अन् गाडी माही रोह्यानं पाडली, इनं नाई."

 आत्याबाईंनी त्याच्याकडे बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, आणि बाजेखाली पडलेल्या वाटीकडे बघितलं.

"तरीच," त्या म्हणाल्या. "तरीच माही वाटी काळी पडे."

उज्ज्वलाबाईंना आधी हसू फुटलं. त्यांनी तोंडात पदर कोंबला. जगदेवने डोळे मिटून घेतले, कारण आता राजूची पाळी होती आणि दोन वर्षांच्या साड्या एकदम बाहेर पडणार होत्या. भिंतीशी बसलेले दोघं राजूच्या तोंडाकडे बघत होते.

"तूप लाव बे जरा," राजू म्हणाला. "कोरड्या बोटात नाई जात ते."

एवढंच म्हणाला आणि कप उचलून उरलेला चहा प्यायला लागला.

आत्याबाई वाकल्या, बाजेखालची वाटी उचलली आणि आत गेल्या. आल्या तेव्हा वाटीत तूप होतं. ती त्यांनी जगदेवच्या हाताशी ठेवली आणि जाऊन पुंजाजी मामांच्या मागे, माझ्याकडे पाठ करून बसल्या. डोकं ठेवायचं कोणी पुन्हा काढलं नाही.

जगदेवने बोटाला तूप लावलं. दिवसाउजेडी, सगळ्या ओसरीदेखत. जोडवं फिरवत फिरवत वळावर नेऊन बसवलं. मग माझ्याकडे पाहिलं, झालं ना, अशा नजरेने. राग गेला का, असं विचारत होता.

नव्हता गेला. दहा दिवसांचा राग एका जोडव्याने उतरत नाही, आणि तो उतरायची मला घाईही नव्हती. मी ताटलीतलं दुसरं जोडवं त्याच्या हातात दिलं, उजवा पाय खाली घेतला आणि डावा वर ठेवला.